पाठीचा फॅशिया ‘चिकटलाय’ म्हणतात, म्हणजे अस्तर कापडाला चिकटावं तसा का?

अस्तरवाली (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. मी ब्लाऊज शिवते. घरातच पुढच्या खोलीत दुकान आहे, २२ वर्षं झाली. लग्नसराईत रोज नऊ-दहा तास मशीनवर. पायानं मारायची मशीन होती तोवर पाठीला काही नव्हतं. मोटर बसवली, काम सोपं झालं आणि कंबर धरायला लागली. एक्स-रे झाला, एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं मणके चांगले आहेत, चालायला जात जा.

मग लेकीनं एका सेंटरला नेलं. दहा सिटिंगचं पॅकेज, एका सिटिंगला ९०० रुपये, सगळे आगाऊ भरले. तिथला मुलगा चांगला आहे, ‘काकू, काकू’ करतो. तो म्हणाला, तुमचा फॅशिया चिकटलाय, गाठी झाल्यात, आम्ही दाबून त्या तोडतो, वितळवतो. सात सिटिंग झाली. टेबलावरून उठते तेव्हा पाठ हलकी वाटते, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी तीन ब्लाऊज झाले की पहिले पाढे पंचावन्न.

आता माझा प्रश्न. मला डॉक्टरी कळत नाही, अस्तर कळतं. अस्तर वरच्या कापडाला सगळीकडून धरायचं नसतं, थोडं सैल सोडायचं असतं. नाहीतर हात वर केला की काखेत ओढ बसते आणि शिवण उसवते. फॅशिया म्हणजे आतलं असंच काही आहे का? ते चिकटतं हे कुणी बघितलंय, मोजलंय, की नुसतं म्हणायचं? आणि बोटानं दाबून आत काही तुटत असेल तर ते तुटलेलं जातं कुठं?

आमचे हे म्हणतात, मालिशच ती, नाव इंग्रजी म्हणून नऊशे रुपये. कुणी नीट सांगेल का?

सदानंदी

ताई, फॅशियात शरीरातली सगळी विषारी द्रव्यं साठतात. २०१८ साली शास्त्रज्ञांनी शरीरात नवीन अवयव शोधला, तो हाच. सकाळी अनशापोटी कोमट पाणी, त्यात लिंबू आणि चिमूटभर सैंधव. २१ दिवस करा. फॅशिया आपोआप मोकळा होतो. माझ्या मेहुण्याचा अनुभव आहे.

शवागारातली बाई

अस्तरवाली ताई, तुमचा प्रश्न इतका नेमका आहे की माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी असा विचारला असता तर मी त्याला चहा पाजला असता. मी ३१ वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात अ‍ॅनाटॉमी शिकवली. आता निवृत्त आहे, वेळ आहे, उत्तर लांबणार आहे.

आधी एक कबुली. डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना मी काय सांगायचे? “ते पांढरं पांढरं आधी काढा, मग स्नायू दिसेल.” मुलं चिमट्यानं ते पापुद्रे ओढून काढत. टेबलाखाली बादली असे, त्यात टाकत. ज्याचा स्नायू जास्त स्वच्छ निघाला त्याला शाबासकी. ती बादली म्हणजेच फॅशिया. मलाही माझ्या सरांनी तसंच शिकवलं होतं. आणि आमच्या हातात येणारं शरीर फॉर्मालिनमध्ये मुरलेलं. फॉर्मालिननं सगळे थर एकमेकांना धरून कडक होतात. जिवंतपणी ते एकमेकांवरून सरकतात, हे आम्हाला दिसणार कुठून?

तर हो, अस्तर म्हणा. पण एकच अस्तर नाही. कातडीखाली चरबीचा एक सैलसर थर असतो, त्याच्या खाली प्रत्येक स्नायूला वेढणारं घट्ट आवरण. ते स्नायूच्या आतसुद्धा शिरतं, थेट एकेका तंतूभोवती जातं. कमरेपाशी ते चांगलं दणकट. वर दंडाकडे जाणारा पाठीचा मोठा स्नायू आणि खाली नितंबाचा स्नायू, दोघांचीही टोकं त्याच पांढऱ्या चौकटीत येऊन मिळतात. म्हणून तुम्ही उजव्या हातानं कापड पुढे ढकलता तेव्हा ओढ कमरेपर्यंत येते. पाठीचा हा पट्टा एकसंध नसतो, त्यात घट्ट थर असतात आणि दोन थरांच्या मध्ये सैल, ओलसर ऊती. इटलीत पादुआ विद्यापीठात कार्ला स्टेको म्हणून एक बाई आहेत, अस्थिशल्यविशारदही आणि अ‍ॅनाटॉमीच्या प्राध्यापकही. त्यांच्या गटानं पायाच्या फॅशियाचे थर मोजले. एका थरातले तंतू शेजारच्या थरातल्या तंतूंशी ७५ ते ८० अंशांचा कोन करतात. म्हणजे तुमचा उभा धागा आणि आडवा धागा, पण विणलेला नाही, एकावर एक ठेवलेला. आणि मध्ये घसरण म्हणून हायल्युरॉनिक अ‍ॅसिड. (हो, जाहिरातीतल्या फेसक्रीममध्ये असतं तेच.) ते तयार करणाऱ्या पेशी तिथेच असतात, त्यांना या गटानं २०१८ मध्ये ‘फॅशियासाइट’ असं नाव दिलं.

तंतू कसला? कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा. तो तीन पेडांच्या वेणीसारखा असतो. हे कोडं सोडवलं आपल्या मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी, १९५४ साली. मला हे परदेशी पुस्तकातून कळलं याची अजून लाज वाटते.

आता मुख्य प्रश्न, मोजलंय का. मोजलंय. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात हेलेन लँजव्हँ यांनी मोजलं, साध्या सोनोग्राफीनं. २००९ मध्ये त्यांनी १०७ माणसं तपासली. ज्यांची कंबर जुनाट दुखत होती त्यांच्या पाठीतला हा थर इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जाड निघाला. मग २०११ मध्ये १२१ माणसं घेतली, ७१ दुखणारी आणि ५० न दुखणारी. त्यांना पालथं झोपवलं, टेबलाचा अर्धा भाग मोटरनं वरखाली हलवला आणि कमरेच्या थरांची एकमेकांवरची सरक सोनोग्राफीत पाहिली. दुखणाऱ्यांत ती सुमारे २० टक्के कमी. तुमच्या अस्तराच्या उपमेला याहून चांगला पुरावा मी देऊ शकत नाही.

पण इथे थांबा. सरक कमी झाली म्हणून कंबर दुखते, की कंबर दुखते म्हणून माणूस कमी हलतो आणि सरक कमी होते? या मोजणीतून ते कळत नाही. त्याच गटानं पुढे डुकरांवर प्रयोग केला. काहींच्या पाठीच्या फॅशियाला इजा केली, काहींच्या पायाला दावं बांधून चाल आखडती केली, काहींना दोन्ही. दोन्ही झालेल्यांत सरक सगळ्यात कमी. म्हणजे न हलणं हे स्वतःच गुन्हेगारांपैकी एक आहे. तुमची पायमशीन गेली आणि मोटर आली, ते वाक्य मी दोनदा वाचलं. एका शिंपीणबाईवरून मी सिद्धांत मांडणार नाही. पण आठवलं हे एवढं सांगते.

दुखतं का फॅशिया? माझ्या काळात पुस्तकात ते निर्जीव वेष्टन होतं. जर्मनीत हायडेलबर्गच्या लोकांनी २०१४ मध्ये बारा धडधाकट माणसांच्या पाठीत खारट पाण्याचं इंजेक्शन दिलं, एकदा कातडीखाली, एकदा स्नायूत, एकदा फॅशियात. फॅशियातलं सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात लांबवर दुखलं, आणि लोकांनी त्याला जळजळ, ठणका असे शब्द वापरले. म्हणजे ज्याला आम्ही बादलीत टाकत होतो त्याला नसा आहेत आणि चांगल्या तिखट आहेत.

आता तोडणं आणि वितळवणं. २००८ मध्ये चौधरी, श्लाइप, फिंडली वगैरे मंडळींनी गणित मांडलं. यातले श्लाइप आधी स्वतः हातानं फॅशियावर उपचार करायचे आणि नंतर उल्म विद्यापीठात संशोधक झाले, म्हणजे विरोधी पक्षाचे नव्हेत. गणित असं निघालं, की तळपायाचा फॅशिया फक्त एक टक्का दबायला ८५० किलोच्या आसपास भार लागेल. मांडीच्या बाहेरच्या पट्ट्याला त्याहून जास्त. तुमच्या त्या मुलाचं वजन किती आहे? त्याच्या कोपराखाली काही तुटत नाही, त्यामुळे तुटलेलं जातं कुठं हा प्रश्नच उरत नाही. आणि ते बरंच आहे. खरोखर तुटलं असतं तर शरीर ते जखमेच्या व्रणासारखं आणखी जाड करून सांधतं. तळहाताचा फॅशिया आखडून बोटं मिटतात तो ड्युपुइट्रेनचा आजार आहे ना, तिथे तो खरा चिकटलेला, खरा गाठाळलेला असतो. आणि तिथे मालिश करून काही होत नाही, सुरी, सुई किंवा कोलॅजेन विरघळवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन लागतं.

सदानंदी, २०१८ चा तो ‘नवीन अवयव’ खरंच मजेशीर आहे, पण तुम्ही म्हणता तसा नाही. न्यूयॉर्कच्या गटानं पित्तनलिकेजवळच्या जिवंत ऊतीत कोलॅजेनच्या जाळीत द्रवानं भरलेल्या जागा पाहिल्या. नेहमीच्या पद्धतीनं तुकडा कापून काचपट्टीवर घेतला की द्रव निघून जातो आणि त्या जागा मिटतात, म्हणून आधी नीट दिसल्या नव्हत्या. पुन्हा तेच बघा, आपल्याच तयारीनं आपल्याला आंधळं केलं. ‘अवयव’ हा शब्द बातम्यांनी उचलून धरला. विषारी द्रव्यं साठतात असं त्यात कुठेही नाही. लिंबूपाणी प्या, उन्हाळ्यात बरं असतं.

फिजिओ_पुणे

मॅडमना नमस्कार. मी १४ वर्षं प्रॅक्टिस करतो, स्वतः एमएफआर (मायोफॅशियल रिलीज, म्हणजे हातानं दाबून फॅशिया मोकळा करायचा उपचार) करतो, त्यामुळे थोडं भांडणार आहे.

८५० किलोचं गणित मीही माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. पण ते घट्ट थराचं आहे. त्याच पेपरात नाकावरच्या पातळ, वरच्या फॅशियाचं गणित केलंय, तो साध्या दाबानं दबतो. म्हणजे ‘फॅशिया हलतच नाही’ असा अर्थ काढू नये. आम्ही हात लावतो तेव्हा घट्ट चादर ताणत नसतो, मधला ओलसर थर हलवत असतो, अशी माझी समजूत आहे. आणि समजूतच म्हणतो, पुरावा म्हणत नाही.

दुसरं, ताईंना टेबलावरून उठताना हलकं वाटतं ते खरं आहे. ते कातडीतल्या आणि फॅशियातल्या संवेदनांमुळे मज्जासंस्था थोडी शांत होते म्हणून वाटतं, असं आज बहुतेक जण मानतात. फोम रोलरचंही (अंगाखाली घेऊन लोळायचा फोमचा गोल ठोकळा) तेच, थोडा वेळ लवचीकपणा वाढतो, मग परत पहिल्यासारखं. त्या थोड्या वेळात काय करता यावर सगळं आहे. माझ्याकडे पेशंट आला की १० मिनिटं हात आणि ३० मिनिटं व्यायाम. नुसता हातच देणारा माणूस तुम्हाला परत परत यायला लावतो. धंद्याला ते बरं पडतं, एवढंच म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आहे, समजावून सांगणं आहे, मसाजही आहे (पुरावा कच्चा आहे असं सांगून). कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबर ओढून ताणणं) नको म्हटलंय. ताई, पट्टा लावत असाल तर त्याचा विचार करा.

आणि पायात मुंग्या खाली उतरत असतील, पायाची ताकद कमी वाटत असेल, किंवा लघवीवरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं तर हा धागा वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

शवागारातली बाई

नाकाचा मुद्दा मान्य. मी तो मुद्दाम गाळला नव्हता, पण गाळला हे खरं. ‘समजूत म्हणतो, पुरावा म्हणत नाही’ हे वाक्य तुमच्या क्षेत्रातल्या शंभर माणसांना पाठवा.

एक जोड देते. कोलॅजेन किती हळू बदलतं याचा एक विलक्षण प्रयोग कोपनहेगनला झालाय, २०१३ मध्ये. १९५५ ते ६३ च्या अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वाढला होता, तो अन्नातून सगळ्यांच्या शरीरात गेला. संशोधकांनी टाचेवरच्या स्नायूरज्जूच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) गाभ्यात तो मोजला. तर तिथे माणूस साधारण १७ वर्षांचा असतानाचाच कार्बन तसाच्या तसा सापडला. म्हणजे तो गाभा वाढ थांबल्यावर जवळपास बदलतच नाही. हे टाचेच्या रज्जूचं आहे, पाठीच्या फॅशियाचं नाही, ते एकमेकांत मिसळू नका. पण दहा सिटिंगमध्ये ‘नवीन फॅशिया’ देणाऱ्या जाहिराती बघितल्या की मला हा प्रयोग आठवतो.

मटणवाला_कराड

डॉक्टर लोकांत बोलतोय, चूक झाली तर सांभाळून घ्या. तुमचं हे पांढरं आम्ही रोज काढतो, आम्ही त्याला पडदा म्हणतो. बोकड नुकताच सोललेला असला की कातड्याखाली मूठ घालून नुसता हात फिरवला तरी कातडं सुटत जातं, सुरी लागत नाही. गार झाला, थोडा वेळ गेला की तेच चिकट होतं आणि सुरी घ्यावी लागते. म्हणून मॅडम म्हणतात ते गरम असताना सरकतं हे मला लगेच पटलं. कोवळ्या बकऱ्याचा पडदा नखानं फाटतो, जून बोकडाचा दातानं तुटत नाही.

आणि वितळवायचं म्हणाल तर वितळतो की. पाया चार तास मंद आचेवर ठेवा, सगळा वितळतो, बोटं चिकटतात. काकूंना तेवढा वेळ टेबलावर ठेवत नाहीत ना?

शवागारातली बाई

😄 यातलं प्रत्येक वाक्य माझ्या एका लेक्चरएवढं आहे. पाया शिजवताना ती तीन पेडांची वेणी उष्णतेनं उलगडते आणि त्याचं जिलेटिन होतं. जिवंत माणसात त्या तापमानाला पोचायचं म्हणजे माणूस उरायचा नाही. तुम्ही ३१ वर्षांपूर्वी भेटायला हवे होतात, फॉर्मालिनच्या हॉलमधून मुलांना तुमच्या दुकानात घेऊन आले असते.

अस्तरवाली (इचलकरंजी)

सगळ्यांचे आभार. रात्री दोनदा वाचलं. लेकीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा ह्यांनी ‘बघ, मी म्हणालो होतो’ असं म्हणून घेतलं. ह्यांना ८५० किलो तेवढं लक्षात राहिलं, डुकरं राहिली नाहीत.

आज आठवं सिटिंग होतं. उरलेल्याचे पैसे परत मिळतील का विचारलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली पॅकेजमध्ये रिफंड नाही. मग आत जाऊन त्या मुलाला म्हटलं, बाळा, तुझं वजन किती? म्हणाला, ६८. म्हटलं, मग ८५० होईस्तोवर जोर लावायचा सोड, हळू दाब, आणि अर्ध्या वेळात मला व्यायाम शिकव. तो आधी गोंधळला. मग हसला आणि म्हणाला, काकू, तुटतं असं आम्हाला कोर्समध्येच शिकवलंय हो. बिचाऱ्याची काय चूक. त्यानं चार व्यायाम दाखवले, त्यातला मांजरासारखी पाठ वर-खाली करायचा मला जमला, बाकीचे उद्या बघते. मुंग्या वगैरे काही नाहीत, पट्टा होता तो काढून ठेवला.

मॅडम, एक विचारायचं राहिलं. उरेब (तिरकं कापलेलं) कापड ताणतं आणि सरळ कापड ताणत नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. तुम्ही म्हणता थरांचे धागे ७५-८० अंशांत असतात. मग माणूस कंबरेत वळतो तेव्हा ती ओढ फॅशियाच्या उरेबवर पडते का? तसं असेल तर मला वळायचे व्यायाम जास्त उपयोगी पडतील, की उगाच शिवण उसवेल?

शवागारातली बाई

ताई, मोजलेला कोन पायाच्या फॅशियाचा आहे, पाठीचा तसाच असेल असं धरू नका. पण तत्त्व तेच. तंतूंच्या दिशेनं ओढलं की तो जवळपास ताणत नाही, तिरकं ओढलं की थोडा देतो. दोन दिशांचे थर एकावर एक असण्याचा फायदाच तो, कुठूनही ओढ आली तरी कुठला तरी थर ती झेलतो. वळल्यानं तुमची शिवण उसवणार नाही, सावकाश सुरू करा आणि दुखलं तर थोडं मागे या. किती वळायचं ते फिजिओ_पुणे सांगतील, मी आयुष्यभर न हलणाऱ्या माणसांवर काम केलंय.

फिजिओ_पुणे

खुर्चीवर बसून, हात छातीवर, दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा, झटका न देता. दर ब्लाऊजनंतर. आणि दोऱ्याची रिळं हाताशी ठेवू नका, समोरच्या फळीवर ठेवा, म्हणजे रंग बदलताना उठावं लागेल.

अस्तरवाली (इचलकरंजी)

रिळं आत्ताच हलवली. लेक म्हणते, आता बॉबिन पण तिकडेच ठेव. तेवढं नको, लग्नसराई आहे.